अकरा कार्डं, पन्नास पत्ते

नरसी नामदेवच्या पोस्टात साखळीपत्रं यायची ती बहुतेक आषाढ संपता संपता. पंढरपूरहून परतणारे वारकरी वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीत येतात आणि कयाधूच्या काठचं आमचं गाव त्या दिवशी माणसांनी भरून जातं. वारीत ओळखी व्हायच्या, पत्ते दिले-घेतले जायचे. माणसं आपापल्या घरी पोचली, की थोड्याच दिवसांत ती पिवळट कार्डं सुरू व्हायची. मजकूर थोड्याफार फरकानं एकच. कुठल्याशा देवळात पुजाऱ्याला नाग दिसला, नागानं माणसाचं रूप घेतलं, कलियुगाबद्दल काही सांगितलं आणि तो अदृश्य झाला. हे वाचणाऱ्यानं अशीच अकरा पत्रं लिहून अकरा जणांना पाठवावीत. ज्यानं पाठवली त्याला लॉटरी लागली, ज्यानं फाडली त्याचा मुलगा दगावला. खाली सही कुणाचीच नसायची.

माझे वडील त्या पोस्टात डाक वाटायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ऐंशीच्या दशकात कार्ड पंधरा पैशांना मिळायचं. म्हणजे साखळी पुढे न्यायची तर एक रुपया पासष्ट पैसे आणि अख्खी संध्याकाळ खर्ची पडायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं ती माणसं घाबरून अण्णांकडे यायची. अण्णा एरवी लोकांची पत्रं लिहून द्यायचे, मनीऑर्डरचे फॉर्म भरून द्यायचे, पण साखळीपत्राला त्यांनी कधी हात लावला नाही. ‘मावशी, काही होत नसतं, चुलीत घाला ते,’ म्हणायचे. आणखी एका बाबतीत ते फार कडक होते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांचे पत्ते त्यांना तोंडपाठ असायचे. कुणी ते साखळीसाठी मागितले, तर ‘त्याच्या घरी विचारा’ एवढंच उत्तर मिळायचं. पत्ता ज्याचा त्याचा, वाटणाऱ्याचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी लहान होते तेव्हा मला हा उगाचचा हट्ट वाटायचा. आता तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण या लेखात पुढे येईल.

कागदावर हिशेब केला तर त्या साखळीनं देश व्यापायला हवा होता. ११चे १२१, त्यांचे १,३३१, त्यांचे १४,६४१. प्रत्यक्षात ती दुसऱ्या-तिसऱ्या कडीतच तुटायची. कार्डांना पैसे पडायचे, लिहून हात भरून यायचा, आणि गावाबाहेरचे अकरा पत्ते ठाऊक असलेली माणसं मोजकीच होती. हे तीन अडथळे होते म्हणून गावाला त्या पत्रांचा मनस्तापच झाला, बाकी काही नाही. पुढे मी हिंगोलीत कॉम्प्युटर शिकवायला लागले, ईमेलवरून पसरणाऱ्या पहिल्या व्हायरसांची माहिती मिळेल तिथून जमवायला लागले, तेव्हा लक्षात आलं की त्यांचा सगळा इतिहास हे तीन अडथळे कसे नाहीसे झाले याचाच आहे.

सुरुवात १९८७च्या डिसेंबरात जर्मनीत झाली. क्लाउसथालच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं आयबीएमच्या मोठ्या संगणकांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की पडद्यावर अक्षरा-चिन्हांनी काढलेलं नाताळचं झाड दिसायचं. माणूस झाड बघत असे, तेवढ्यात प्रोग्रॅम त्याच्या पत्त्यांची फाइल उघडून तिच्यातल्या प्रत्येकाला आपली एकेक प्रत धाडायचा. युरोपातल्या विद्यापीठांच्या जाळ्यातून तो बाहेर पडला आणि आयबीएमच्या जगभरच्या अंतर्गत जाळ्यात शिरून त्यानं तिथलं टपाल तुंबवलं. खर्च शून्य, लिहिण्याचे कष्ट शून्य, पत्ते यंत्रानंच शोधलेले. तिन्ही अडथळे एकदम गेले. मात्र तो आपणहून चालत नव्हता. आलेल्या माणसानं त्याचं नाव टाइप करून त्याला चालवावं लागे, आणि असे संगणक विद्यापीठांत नि मोठ्या कंपन्यांतच होते. म्हणून ती गोष्ट तेवढ्यावर थांबली.

सव्वाअकरा वर्षांनी, २६ मार्च १९९९ या शुक्रवारी, ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस आला. अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या डेव्हिड स्मिथ नावाच्या प्रोग्रॅमरनं दुसऱ्याचं चोरलेलं एओएल खातं वापरून इंटरनेटवर वर्डची एक फाइल टाकली. तिच्यात अश्लील संकेतस्थळांचे पासवर्ड होते, म्हणून लोकांनी ती उतरवून घेतली आणि उघडली. पुढचं सगळं त्या फाइलीतल्या मॅक्रोनं केलं.

हा मॅक्रो काय असतो ते मी विद्यार्थ्यांना नेहमी सावकाश सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. वर्डमध्ये तेच ते काम पुन्हा पुन्हा करायचं असेल, समजा प्रत्येक पत्रावर कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, तारीख टाकायची असेल, तर त्या कामाच्या सूचना एकदा लिहून ठेवता येतात. वर्ड त्या सूचना परस्पर पाळतो. सोय चांगली आहे. पण या सूचना मजकुराबरोबर त्याच फाइलीत साठवलेल्या असतात आणि फाइल उघडताक्षणी आपोआप सुरू होऊ शकतात. म्हणजे कागद वाचायला घेतला की तो कागदच काम करायला लागतो. १९९५मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाच्या व्हायरसनं हे दाखवून दिलं होतं. तोवर लोकांची समजूत अशी, की धोका असतो तो प्रोग्रॅममध्ये, कागदपत्रात कसला धोका! ती समजूत तेव्हाच सोडायला हवी होती.

मेलिसाची फाइल उघडली की तो आधी वर्डमधली मॅक्रोविषयी सावध करणारी व्यवस्था ढिली करायचा. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत, जिथे संगणक स्वतःच्या नोंदी ठेवतो तिथे, आपली एक खूण आहे का ते पाहायचा. खूण असेल तर इथून टपाल आधीच गेलंय, पुन्हा पाठवायचं नाही. खूण नसेल तर तो मायक्रोसॉफ्टचं आउटलुक हे ईमेलचं सॉफ्टवेअर हाताशी धरायचा, त्यातली पत्त्यांची प्रत्येक यादी उघडायचा आणि तिच्यातल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर ईमेल करायचा. विषयाच्या ओळीत ‘अमक्याकडून महत्त्वाचा निरोप’ असं यायचं आणि त्या अमक्याच्या जागी संगणकाच्या मालकाचं खरं नाव असायचं. आत मजकूर असा, की तुम्ही मागितलेलं कागदपत्र सोबत आहे, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. सोबत तीच फाइल. शेवटी तो वर्डच्या मूळ साच्यात, ज्याच्यावरून प्रत्येक नवी फाइल तयार होते त्यात, स्वतःला लिहून ठेवायचा. मग त्या संगणकावर पुढे उघडलेली, नवी केलेली कागदपत्रंही बाधित व्हायची.

या शेवटच्या कृतीचा परिणाम सगळ्यांत वाईट होता आणि त्याबद्दल फार बोललं जात नाही. बाधित झालेलं कागदपत्र मूळ पासवर्डांचंच असेल असं नव्हतं. कुणाचा पगाराचा तक्ता, कुणाचं वकिलाला लिहिलेलं पत्र, असं काहीही उघडलेलं असताना मेलिसा जागा झाला, तर पन्नास जणांना तेच जायचं. साखळीपत्रात निदान मजकूर तरी नागोबाचा होता. इथे मजकूर तुमचा, सही तुमची, पाठवणारा मात्र कुणी तिसराच.

आता पन्नासचा हिशेब पाहा. ५०चे २,५००, त्यांचे १,२५,०००, चौथ्या कडीला ६२,५०,०००. त्यातच मोठ्या कंपन्यांच्या याद्यांत वर असायचे ते गटांचे पत्ते, एका नावामागे शंभर-दोनशे माणसं. म्हणून एका संगणकावरून निघालेलं टपाल पन्नासावर थांबत नव्हतं. मेलिसानं कुणाच्या फायली पुसल्या नाहीत, तरी टपालाचा लोंढाच असा आला की मायक्रोसॉफ्ट, इंटेलसारख्या कंपन्यांना आपलं ईमेल थोपवून धरावं लागलं. स्मिथ आठवड्याच्या आत, १ एप्रिलला पकडला गेला. २००२च्या मे महिन्यात त्याला वीस महिन्यांची कैद आणि पाच हजार डॉलर दंड झाला. झालेलं नुकसान आठ कोटी डॉलरच्या वर धरलं गेलं होतं.

मेलिसानंतर महिन्याभरानं, १ मे १९९९ला, परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली, त्यांच्याबरोबर संगणक आले, आणि टंकलेखन शिकलेली मुलं-मुली संगणकाच्या क्लासला यायला लागली. मीही तेव्हाच शिकवायला लागले. पत्रं वर्डमध्ये व्हायची, मराठी अक्षरं श्रीलिपीची. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची ती फ्लॉपीतून. आउटलुक संगणकात असायचं, पण ते उघडून पाहण्याचं कुणाला कारण नव्हतं. ज्यांना ईमेल करायचं असे ते सायबर कॅफेत जाऊन याहू, हॉटमेल नाहीतर रेडिफमेल उघडायचे. त्यांचे पत्ते त्या कंपन्यांच्या दूरच्या सर्व्हरवर असायचे, समोरच्या संगणकात काहीच नसायचं. त्यामुळे मेलिसा एखाद्या फ्लॉपीतून हिंगोलीत आला असता, तरी वर्डच्या फायली बाधित करून थांबला असता. पुढे पाठवायला त्याला पत्त्यांची वहीच सापडली नसती. आमचा बचाव आमच्या सावधपणानं झाला नाही. आमच्याकडे ती सोय पोचली नव्हती, म्हणून झाला.

आमच्याकडे व्हायरस यायचे ते फ्लॉपीतून आणि नकली सीडीतून. त्यांतला एक तर आपल्या आडनावाचा. ‘जोशी’ व्हायरस १९९०मध्ये भारतात प्रथम सापडला आणि फ्लॉपीमागून फ्लॉपी करत परदेशात गेला. तो डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात, संगणक जागा होताना जे पहिल्यांदा वाचतो तिथे, बसायचा. दरवर्षी ५ जानेवारीला संगणक अडून बसे आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा असं फर्मान पडद्यावर येई. तेवढं केलं की सुटका. २६ एप्रिल १९९९ला, हिंगोली जिल्हा व्हायच्या पाच दिवस आधी, तैवानच्या चेन इंग-हाऊनं लिहिलेल्या सीआयएचनं मात्र जगभरच्या संगणकांच्या हार्ड डिस्क पुसल्या, काहींच्या तर मदरबोर्डवरच्या चिपमधला मजकूरही खराब केला. भारतातही त्याचा फटका बसला. हे संगणक दुरुस्तीला यायचे त्या दुकानांत व्हायरस काढण्याची विद्या आपल्याकडे तयार झाली. रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले. संगणक शिकणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं, संजयनं, दुरुस्तीला आलेल्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. मराठवाड्यातल्या कितीतरी क्लासांत पहिला अँटिव्हायरस बसला तो हाच. मला या माणसांबद्दल फार आदर आहे.

४ मे २०००ला, गुरुवारी, मनिलातून ‘आय लव्ह यू’ निघाला. मेलिसा प्रत्येक यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर थांबत होता. यानं पत्त्यांची अख्खी वही घेतली. मनिलात लोक सकाळी कामाला लागले तेव्हा सुरू झालेला हा व्हायरस सूर्याबरोबर पश्चिमेकडे गेला. आशियातून युरोपात, तिथून अमेरिकेत, जिथे जिथे कार्यालयं उघडत गेली तिथे तिथे. ब्रिटिश पार्लमेंटनं आपलं ईमेल बंद ठेवलं. कोट्यवधी संगणक बाधित झाले.

त्याची युक्ती फाइलीच्या नावात होती. नाव असं: लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं फाइलीची जात सांगतात. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्यापासून काही होत नाही. व्हीबीएस म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोजनं ठरवून ठेवलं होतं, की माहितीतल्या जातीची शेवटची अक्षरं वापरणाऱ्याला दाखवायचीच नाहीत, उगाच गोंधळ नको. म्हणून ‘व्हीबीएस’ लपायचं आणि ‘टीएक्सटी’ तेवढं दिसायचं. लोकांनी प्रेमपत्राला भुलून ती फाइल उघडली असं आजही सांगतात. मला ते अन्यायाचं वाटतं. ईमेल ओळखीच्या माणसाकडून आलेलं होतं, आणि त्यांच्या संगणकानंच त्यांना सांगितलं होतं की हा साधा मजकूर आहे. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला, यात त्यांचा काय दोष?

एकदा चालला की तो विंडोजच्या फोल्डरांत वेगळ्या नावांनी स्वतःच्या प्रती ठेवायचा, संगणक सुरू होताना आपणही सुरू व्हावं अशी नोंद करायचा, आणि डिस्कवरच्या जेपीजी चित्रांच्या जागी स्वतःचा मजकूर लिहायचा. लग्नाचे, बारशाचे फोटो असे गेले ते गेले. एमपी३ गाणी तो नुसती लपवायचा. पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम तो फिलिपिन्समधल्या एका सर्व्हरवरून उतरवून घ्यायला बघायचा. व्हायरसचं मूळ या पासवर्डचोरीतच आहे. लिहिणारा ओनेल दे गुझमान मनिलाच्या एका कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी होता. ज्यांना इंटरनेटचे पैसे परवडत नाहीत त्यांनी इतरांचे पासवर्ड मिळवून इंटरनेट वापरावं, अशा प्रोग्रॅमचा प्रबंध त्यानं मांडला होता आणि कॉलेजनं तो नाकारला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकारानं त्याला मनिलातल्या मोबाइल दुरुस्तीच्या एका गाळ्यात शोधून काढलं तेव्हा त्यानं व्हायरस आपणच लिहिल्याचं सांगितलं.

त्या काळी हिंगोलीच्या कॅफेत तासाला पन्नास रुपये मोजावे लागायचे. माझे काही विद्यार्थी दोघा-तिघांत एक तास घ्यायचे आणि आळीपाळीनं खुर्चीवर बसायचे. त्यामुळे परवडत नसल्याची त्याची तक्रार मला समजते. पण त्यानं वापरले ते पत्ते त्याचे नव्हते, ज्यांची वही उघडली त्यांचेही नव्हते. ते त्या वहीत नावं असलेल्या माणसांचे होते, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दे गुझमानवरचा खटला ऑगस्ट २०००मध्ये सोडून द्यावा लागला, कारण फिलिपिन्समध्ये व्हायरस सोडणं गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा नव्हता. तो जूनमध्ये झाला, आणि आधीच्या कृत्याला लावता आला नाही. आपल्या संसदेनं माहिती तंत्रज्ञान कायदा मंजूर केला तो व्हायरस निघाला त्याच मे महिन्यात. ९ जूनला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १७ ऑक्टोबर २०००पासून तो लागू झाला. त्याच्या ४३व्या कलमात दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणाऱ्याकडून एक कोटी रुपयांपर्यंत भरपाई घेण्याची तरतूद होती.

मायक्रोसॉफ्टनं जून २०००मध्ये आउटलुकसाठी एक दुरुस्ती काढली. व्हीबीएससारख्या फायली ती ईमेलमधून उघडूच द्यायची नाही. आणि दुसरा एखादा प्रोग्रॅम पत्त्यांच्या वहीला हात घालायला गेला, की पडद्यावर चौकट यायची: एक प्रोग्रॅम तुमचे पत्ते पाहू इच्छितो, परवानगी आहे का? तोवर कुठल्याही प्रोग्रॅमनं ती वही न विचारता वाचावी अशी रचना होती. ती करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, कार्यालयांची कामं झटपट व्हावीत एवढाच होता. तरीही मला ती त्या काळातली सगळ्यांत मोठी चूक वाटते. कंपन्यांचं टपाल तुंबलं, घरांतले फोटो गेले, आणि मग कुठे ती चौकट आली.

पुढे साखळी फोनमध्ये आली आणि तिचा मजकूर पुन्हा माणसं स्वतःच पुढे पाठवू लागली. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेपायी जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतापुरती मर्यादा घातली, की एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. पुढच्या वर्षी ती जगभर लागू झाली. आधी अकरा, मग पन्नास, मग अख्खी वही, आणि आता पाच. पहिला आकडा साखळी लिहिणाऱ्यानं ठरवला, मधले दोन व्हायरस लिहिणाऱ्यांनी. पाच हा आकडा यंत्र बनवणाऱ्यानं ठरवला, आणि तो फार उशिरा ठरवला.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतला मॅक्रो मुळातच बंद ठेवायचा, हा निर्णय मायक्रोसॉफ्टनं २०२२मध्ये अमलात आणला, मेलिसानंतर तेवीस वर्षांनी. फाइलीच्या जातीची अक्षरं मात्र विंडोज ११मध्येही लपलेलीच असतात. नवी तुकडी आली की पहिल्याच तासाला मी प्रत्येकाला फाइल एक्सप्लोरर उघडायला लावते, वरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो’, आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण. ती करून झाल्याशिवाय आम्ही पुढचा धडा उघडत नाही.